मदत हवी आहे: मक्यातला लव्हाळा (तण), शेजारी कपाशी

मका 20 दिवसांचा आहे. दोनदा खुरपणी झाली, तरी आठवड्यात पुन्हा हिरवेगार. आधी गवत समजत होतो, पण दांडा बोटात फिरवला तर तिधारी लागतो आणि उकरल्यावर खाली काळसर, वासाच्या गाठी माळेसारख्या जोडलेल्या निघतात. म्हणजे लव्हाळाच ना? तुरा अजून आलेला नाही, म्हणून खात्री करून घेतोय.

एकाने टू-फोर-डी हे तणनाशक मारायला सांगितलं. मला ते पटत नाही. त्याने गाठी मरत नाहीत, आणि बांधाला लागून कपाशी आहे. वाऱ्यावर थोडं जरी उडालं तरी कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरतात. उभ्या पिकात ग्लायफोसेट तर नकोच, ते तणासोबत पीकही मारतं.

हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक मक्यात कोणी वापरलंय का? लव्हाळा किती पानांवर असताना फवारलंत, गाठींतून पुन्हा किती फुटला? यानंतर हरभरा घ्यायचाय, त्याला जमिनीतल्या अंशाचा त्रास झाला का? हा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. पंप तोच कपाशीला वापरतो, तो कसा धुता तेही सांगा. पंपाला पट्टा नोझल (सपाट पट्ट्यात फवारणारं) आहे.