खुरं आपोआप झिजतात, पण कुणाची?

‘शेळीची खुरं झिजतातच, कापायची भानगड कशाला’ असं काही जण म्हणतात. मुरमाड माळावर दिवसभर चरणाऱ्या शेळ्यांचं खरंय ते. पण बंदिस्त गोठ्यात मऊ मातीवर उभ्या राहणाऱ्या शेळीचं खूर झिजणार कशावर? आम्ही उस्मानाबादी जातीच्या 7 शेळ्या बंदिस्त केल्या, त्या वर्षी त्यातली एक पुढचे गुडघे टेकून वैरण खायला लागली. अशक्तपणा असेल म्हणून आठवडाभर गूळपाणी पाजलं! पाय उचलून बघितला तेव्हा खुराची बाहेरची कड तळव्याखाली दुमडलेली, आणि त्या घडीत लेंड्या-चिखल कुजून वास मारत होता. तेव्हापासून दीड-दोन महिन्यांनी कात्री फिरतेच.

सहसा कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: उन्हाळ्यात खूर दगडासारखं होतं, जोर लावला की कात्री घसरून आपलंच बोट जातं. आधी पाय थोडा वेळ पाण्यात भिजवा, मग डाळिंब छाटायची कात्रीसुद्धा चालते. घाण कोरून काढायची, दुमडलेली कड कापायची, मग तळवा पातळ पातळ तासायचा. गुलाबी झाक दिसली की हात थांबवायचा. खुराच्या वर केसांची रेषा असते, तळवा तिला समांतर आला की बास. माझ्याकडून एकदा रक्त निघालं, हळद दाबून धरल्यावर थांबलं. खूर सडलेली शेळी मात्र सगळ्यात शेवटी घ्या आणि कात्री स्पिरिटने पुसा, नाहीतर तीच घाण दुसरीच्या पायात जाते.