‘लाईट गेली’ लिहिलं तर मराठी चुकते का?

शब्दवेडी
सहावीतल्या भाचीने निबंधात लिहिलं, ‘लाईट गेली म्हणून आम्ही सगळे गच्चीवर गेलो.’ बाईंनी ‘लाईट’वर लाल रेघ मारली, वर ‘वीज’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

लाईट हा आता मराठी शब्द आहे असं मी ठामपणे म्हणते. इंग्रजीत तो उजेड किंवा दिवा. आपण मात्र आख्ख्या पुरवठ्यालाच लाईट म्हणतो. भर दुपारी, घरात एकही दिवा चालू नसताना पंखा थांबला तरी ‘लाईट गेली’. बिल लाईटचं, खांब लाईटचा. तिला आपण स्त्रीलिंगी केलं, ‘लाईटीचं बिल’ म्हणत सामान्यरूपही दिलं, अनेकवचनात ‘लाईटी’ झाल्या. परका शब्द इतका कुठे वळतो?

आणि ‘वीज’ तरी मुळात कुठली? आभाळातली. संस्कृतातलं विद्युत्, प्राकृतातलं विज्जु, त्यातून वीज. तारेतल्या प्रवाहाला तो शब्द फार उशिरा लावला. म्हणजे ताणलेला अर्थ तिथेही आहेच. मग एकाला गुण आणि दुसऱ्याला लाल रेघ का?

जुनी_पेठ
ताई, बोलताना कोणी अडवलंय? पण निबंध ही लिहायला शिकायची जागा आहे. लाईट हा शब्द मुलीला न शिकवताही येतो. वीज शिकवावा लागतो. बाईंनी त्यांचं काम केलं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. लाईट रंग, लाईट नाश्ता, लाईट लाव, लाईट गेली, ‘अरे लाईट घे’. फिकट, हलका, दिवा, उजेड, वीज, मनावर न घेणं, हे सगळं एका शब्दाने गिळलं. इंग्रजीत तरी हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, उच्चाराने एक झालेले. जर्मनमध्ये उजेडाचा ‘लिश्त’ आणि हलक्याचा ‘लाइश्त’ अजून वेगळे आहेत. आपण तो गोंधळ जसाच्या तसा घरात आणला आणि आपले नेमके शब्द अडगळीत टाकले. दुकानात ‘फिकट निळा दाखवा’ म्हटलं की विक्रेता पोरगा थबकतो, हे मी पाहतो आणि मला वाईट वाटतं.

नवे शब्द रुजत नाहीत असंही नाही. ‘भारनियमन’ घडवलेलाच शब्द ना? वर्तमानपत्रांनी लावून धरला, आज तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं तेव्हा महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी नावं आली. कोण काय करतं ते नावातच कळतं.

शब्दवेडी
फिकट आणि हलक्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, काका. पण रेघ तिथे नव्हती मारलेली. आणि नावं कितीही चांगली असली तरी लोक अजून ‘एमएसईबीत जाऊन येतो’ म्हणतात!

टोरांटोवाला
एक दुरुस्ती. इंग्रजीत हा अर्थ नाहीच असं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे ‘लाईट बिल’ म्हणणारे लोक भरपूर आहेत. इथे कॅनडात तर विजेला ‘हायड्रो’ म्हणतात. एके काळी ती जवळपास सगळी धबधब्यांवरून यायची म्हणून. आता ओंटारियोत मोठा वाटा अणुवीजेचा, तरी बिल हायड्रोचंच. मेक्सिकोतले लोक वीज गेली की ‘से फुए ला लुस’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘उजेड गेला’. तमिळ, तेलुगूत ‘करंट’ जातो. आपल्याकडे करंट लागतो. जिथे वीज पहिल्यांदा ज्या रूपात दिसली तिथे तेच नाव चिकटलं. याला भाषा बिघडणं म्हणता येत नाही.

ओसरी
माझी आजी ‘दिवे गेले’ म्हणायची. रेडिओ बंद पडला तरी दिवेच गेलेले असायचे. म्हणजे हा अर्थ मराठीत आधीपासून होता, इंग्रजीने फक्त शब्द बदलला. भाचीने ‘दिवे गेले’ लिहिलं असतं तर बाईंनी गुण कापला असता का?

जुनी_पेठ
नसता कापला. आणि म्हणूनच म्हणतो, दिवे होते, वीज होती, मग तिसरा हवाच कशाला?

रानातला
तुमचं शहरातलं भांडण वाचलं. आमच्याकडं लाईट म्हणजे थ्री फेज, शेतातल्या मोटारीला लागणारा तीन तारांचा पुरवठा. घरात बल्ब चालू, टीव्ही चालू, तरी आम्ही म्हणतो ‘लाईट नाही’, कारण मोटार चालत नाही. शेतीला आठ तास लाईट, तीही काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन उसात शिरायचं. आमच्या जुन्नर पट्ट्यात उसात बिबट्या असतो, बांधावर साप. ‘लाईट कधी येणार’ हा आमच्यासाठी शब्दाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. दिवसा लाईट मिळावी म्हणून 2017 ला सौर कृषी वाहिनी योजना आली. जिथं ती पोचली तिथल्या माणसाला विचारा काय फरक पडतो.

आता तुमच्या वादावर. ‘लाईट गेली’ आणि ‘वीज गेली’ दोन्ही अपुरे. वायरमनला फोन करून ‘लाईट गेली’ म्हटलं तर त्याला काय कळणार? तिन्हीपैकी एक फेज गेलाय, डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज उडालाय, का डीपीच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच जळालाय? डीपी असेल तर ती बदलेपर्यंत पीक वाळतं. नेमकं सांगणाऱ्याचं काम लवकर होतं. शाळेत हे कोणी शिकवत नाही.

जुनी_पेठ
दादा, हे पटलं. नेमकेपणाचाच माझा आग्रह आहे. पण तुमच्या वाक्यात लाईटचे दोन अर्थ आहेत, आणि त्यातला कुठला हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. वर्तमानपत्राने ‘लाईट नाही’ छापलं तर पुण्यातला वाचक समजेल की गाव अंधारात आहे, आणि तुमची मोटार बंद असल्याचं कोणाच्या डोक्यातही येणार नाही. अर्ध्या गुणाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

शब्दवेडी
माझंही नाही. ती गच्चीची गोष्ट सांगत होती, अर्ज लिहीत नव्हती. पण दादा, फेज, डीओ, डीपी यांतलं काय गेलंय हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं, तेवढं इथे सविस्तर लिहाल का? त्यासाठी वेगळा धागा काढते.