घरच्या जुन्या फोटोंसाठी कोणता मुक्तस्रोत प्रोग्राम घ्यावा?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. सांगलीच्या 2019 च्या पुरात आमचे अल्बम भिजले. जे हाती लागले ते वाळवून स्कॅन केले, सुमारे 1100 फोटो. बाबांच्या कॅमेऱ्यातले आणि आमच्या मोबाइलमधले धरून आता 31,000 झालेत, सगळे एका बाहेरच्या हार्डडिस्कवर.

मागे एका प्रोग्राममध्ये दोन वर्षं बसून मी माणसांची नावं टाकली होती. तो प्रोग्राम बंद झाला, लॅपटॉप बदलला आणि नावं गेली. जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारी आता एक आत्याच उरली आहे, 84 वर्षांची. तिच्याजवळ बसून सगळं पुन्हा करायचंय. विंडोज लॅपटॉप आहे, 8 जीबी रॅम. डिजिकॅम, शॉटवेल, डार्कटेबल, इमिच यांपैकी काय घेऊ?

रानवाटा:
डार्कटेबल नको. मी पक्ष्यांच्या रॉ फाइलींसाठी (कॅमेऱ्यातून येणाऱ्या, प्रक्रिया न केलेल्या फोटोंसाठी) रोज वापरतो, त्या कामाला उत्तम आहे, पण घरच्या फोटोंत चेहरे ओळखणं त्याचं काम नाही. शॉटवेल साधा आणि छान, मात्र तो लिनक्सवरचा.

जुनी_पेटी:
ताई, डिजिकॅम घ्या. कारण एकच: नाव कुठे साठतं ते तुम्हाला ठरवता येतं. बहुतेक प्रोग्राम नावं स्वतःच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे फोटोंपासून वेगळ्या माहितीसाठ्यात, ठेवतात. प्रोग्राम गेला की डेटाबेस निरुपयोगी. तुमचं तेच झालं असणार. डिजिकॅमच्या सेटिंग्जमध्ये 'मेटाडेटा' (फोटोबद्दलची माहिती) उघडा आणि टॅग, मथळे व चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये लिहिण्याच्या पर्यायांवर खूण करा. मग नाव त्या जेपेगच्या, म्हणजे फोटोच्या फाइलच्या, आतच एक्सएमपी रूपात बसतं; फोटोची माहिती लिहून ठेवायची ती एक ठरलेली पद्धत आहे. देवनागरीतही नीट राहतं, मी सगळी नावं मराठीतच ठेवली आहेत.

अल्बम म्हणजे डिस्कवरचे तुमचेच फोल्डर, त्यामुळे रचना मोडत नाही. चेहरे तुमच्याच लॅपटॉपवर ओळखले जातात, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. 31,000 फोटोंची पहिली चाळणी मात्र वेळ खाईल. रात्री लावून ठेवा.

स्कॅनवर स्कॅन केल्याची तारीख पडलेली असते, ती एकगठ्ठा बदलता येते. नुसतं वर्ष ठाऊक असेल तर मी 1 जानेवारी टाकतो आणि 'तारीख अंदाजे' असा टॅग लावतो.

रानवाटा:
फाइलमध्ये लिहायला लावण्याआधी संपूर्ण डिस्कची दुसरी प्रत काढाच. लिहिताना वीज गेली तर ती फाइल बिघडू शकते. मी तर मूळ फाइलला हात लावत नाही, शेजारी वेगळी एक्सएमपी फाइल ठेवतो.

जुनी_पेटी:
प्रत काढण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण शेजारची फाइल घरच्या फोटोंना मी सुचवणार नाही. भाचा पेनड्राइव्हवर फोटो नेतो तेव्हा नुसता फोटो नेतो, नाव मागे राहतं.

दूरदेशी:
मी इमिच चालवते. मोबाइलमधले फोटो आपोआप घरच्या मशीनवर येतात, सासूबाईही सहज वापरतात. पण त्यासाठी एक संगणक सतत चालू लागतो, डॉकर (असे प्रोग्राम चालवायचं सॉफ्टवेअर) बसवावं लागतं आणि माणसांची नावं त्याच्याच डेटाबेसमध्ये राहतात. आत्यांजवळ बसायचं काम डिजिकॅममध्येच करा. नंतर कधी इमिच घेतलंत तर फाइलमधली नावं त्यात आणता येतात.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली, मग डिजिकॅम बसवला. एका फोटोला नाव देऊन तो फोटो भावाच्या संगणकावर नेला. तिथल्या डिजिकॅममध्ये नाव दिसलं, तेही मराठीत!

काल आत्याबरोबर बसले. पहिलाच फोटो 1972 चा, हरिपूरच्या संगमावरचा, पाच बायका. चार नावं तिने चटकन सांगितली, दोघींची माहेरची आडनावंही. पाचवीच्या चेहऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. त्या फोटोला तूर्त 'ओळख बाकी' असा टॅग लावलाय. रविवारी पुन्हा जाणार आहे.