मदत हवी आहे: डीजे टर्नटेबलवर सुई सारखी उडतेय

तबकडीवाला_सोलापूर
दोन टर्नटेबल आहेत. डावीकडच्याची सुई उडलालीय. अँटीस्केट (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारी सेटिंग) फुल्ल केलं, सुईवरचं वजन ३ ग्रॅमवर नेलं, सुई पुसली, रेकॉर्ड धुतली. फरक शून्य. उजवीकडची कधीमधी उडते, पण चालवून घेण्यासारखी आहे. शनिवारी कार्यक्रम आहे. तीन रात्री गूगलवरच घालवल्यात, त्यामुळे कृपया 'गूगल करा' म्हणू नका. लवकर सांगा.

पाणसळ
कोणतं मॉडेल? कोणती कार्ट्रिज (सुई बसते तो भाग)? सुई पुढे उडते की मागे? नुसतं वाजवताना की स्क्रॅच करताना, म्हणजे हाताने रेकॉर्ड पुढेमागे ओढताना? एकाच रेकॉर्डवर की सगळ्या? टेबल कशावर ठेवलंय? यातलं काहीच न सांगता 'लवकर सांगा' म्हणजे डॉक्टरला फोन करून 'दुखतंय' म्हणण्यासारखं आहे.

आवाज_कमी_करा
डीजे बंदच करायला हवेत. मिरवणुकीत आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर तर लाउडस्पीकरच नको. पाळतं कोण?

तबकडीवाला_सोलापूर
काका, ट्रकवरचा डॉल्बी नाही हो हा. खोलीत हेडफोन लावून रेकॉर्ड वाजवलालो.
@पाणसळ: टेक्निक्स १२००, एमके टू. शुअर एम४४-७. सुई मागे येते, तीच ओळ पुन्हा पुन्हा. सगळ्या रेकॉर्डवर. टेबल टेबलावर ठेवलंय, अजून कशावर ठेवणार.

जुना_ठाणेकर
'उडलालीय' वाचलं आणि कळलं गाव कोणतं ते. नोकरीत सहा वर्षं सोलापुरात काढली. शेंगाचटणी अजून कुरिअरने मागवतो.
मुद्द्यावर येतो. हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या सुईकडच्या टोकावर, एक रुपयाचं नाणं चिकटवा. आम्ही ८५-८६ साली हेच करायचो. सुई हलायचं नाव घेत नाही.

पाणसळ
नाणं अजिबात नको. रुपयाचं २०११ सालच्या मालिकेतलं छोटं नाणं साधारण पावणेचार ग्रॅमचं आहे. एम४४-७ला कंपनीनेच दीड ते तीन ग्रॅम सांगितलंय. आधीच्या तीनवर हे चढवलं तर पावणेसात होतील. सुई उडणार नाही, खोदकाम करेल.

जुना_ठाणेकर
माझ्या रेकॉर्ड अजून वाजतात.

पाणसळ
वाजतात हो, वरचे सूर शिल्लक आहेत का ते ऐका.

जुना_ठाणेकर
माझ्या वयाला वरचे सूर तसेही ऐकू येत नाहीत.

लाखेची_चकती
धाग्यात सुईचा विषय आहे म्हणून लिहितो. ग्रामोफोनची पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते. लोक पैसे वाचवायला एकाच सुईवर दहा बाजू वाजवतात आणि मग रेकॉर्ड करड्या पडतात. शिवाय ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) रेकॉर्डची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेत घातली की ती तळाशी घरंगळते आणि उडते. तुमच्याकडे ७८ असतील तर कारण हेच.

तबकडीवाला_सोलापूर
७८ नाहीत. ३३च्या एलपी आहेत. सुई हिऱ्याची आहे, पोलादी नाही.

लाखेची_चकती
मग ठीक. तरी माहिती असलेली बरी. ७८च्या रेकॉर्ड ज्या लाखेच्या, ती मुख्यतः आपल्याकडूनच जगभर जायची, त्यावर स्वतंत्र धागा काढेन म्हणतो.

पाणसळ
सुई मागे, म्हणजे कडेच्या दिशेने येते आणि अँटीस्केट फुल्ल आहे. अहो, अँटीस्केटचं कामच आर्मला बाहेर ओढणं. ते फुल्ल ठेवून तुम्ही स्वतःच सुईला मागे खेचताय. आधी शून्यावर आणा. स्क्रॅच करणारे बहुतेक जण शून्यच ठेवतात, कारण रेकॉर्ड उलटी फिरवली की त्या ओढीचा हिशेब तसाही बिघडतो.
दुसरं, वजन '३ वर नेलं' म्हणजे नक्की काय फिरवलंत?

तबकडीवाला_सोलापूर
मागचं काळं चाक. आकडे लिहिलेत ते. ३ रेषेवर आणलं.

पाणसळ
फक्त आकड्यांची कडी, की कडीसकट मागचं पूर्ण वजन?

तबकडीवाला_सोलापूर
कडी. ती सहज फिरते की.

पाणसळ
सापडलं. ती कडी वजनावर सुटी बसवलेली असते, तिने काहीही वाढत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हाताने पुढे केला म्हणून संध्याकाळ होत नाही. असं करा: अँटीस्केट शून्य, सुईचं टोपण काढा, रेकॉर्ड नको. मागचं अख्खं वजन फिरवत न्या, आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगायला लागेपर्यंत. आता वजन तसंच धरून फक्त कडी ० वर आणा. मग दोन्ही एकत्र फिरवून ३ वर. सुई कशालाही टेकू देऊ नका, एम४४ची अस्सल सुई आता सहज मिळत नाही. शुअरने २०१८मध्ये कार्ट्रिजचा धंदाच बंद केला. दुसऱ्या कंपन्यांच्या पर्यायी सुया मिळतात, त्यातल्या काही चांगल्याही आहेत.

कंट्रोलर_घ्या
२०व्या शतकातून बाहेर या. लॅपटॉप आणि कंट्रोलर घ्या. सुईच नाही तर उडणार काय?

तबकडीवाला_सोलापूर
हे उत्तर येणारच होतं. धन्यवाद.

तबकडीवाला_सोलापूर
@पाणसळ: केलं. करण्याआधी शेजारच्या सराफाकडून डिजिटल काटा आणून मोजलं. डावा १.६, उजवा २.९! म्हणजे मागच्या मालकाने उजवा बरोबर लावला होता आणि डाव्याची मी नुसती कडी फिरवत बसलो. आता दोन्ही ३. स्क्रॅच करताना उडायचं थांबलं. पण नुसती वाजत ठेवली तरी डावीकडची अजून उडलालीय. मागे नाही, कुठेही.

जुना_ठाणेकर
१.६सुद्धा कंपनीच्या मर्यादेतच होतं की! मग उगाच कशाला छळलंत पोराला?

पाणसळ
मर्यादा बसून ऐकणाऱ्यालाही धरून असते. रेकॉर्ड पुढेमागे ओढायची तर वरच्या टोकालाच राहावं लागतं.
@तबकडीवाला: सराफाच्या काट्याची ताटली लोखंडी होती का? कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो, ताटली त्याला ओढते आणि आकडा चुकीचा येतो. मध्ये प्लास्टिकचं काहीतरी ठेवून पुन्हा मोजा. सुईही रेकॉर्डच्या उंचीवरच टेकायला हवी. टेबल पाणसळीत आहे का?

तबकडीवाला_सोलापूर
तुमचं नावच पाणसळ, तुम्ही विचारणारच. गवंड्याकडून आणून लावली. डावं टेबल मागे किंचित उतरतं होतं, पायाचे स्क्रू फिरवून सरळ केलं. प्लास्टिकचं झाकण ठेवून मोजलं, ३.० आणि ३.०. तरी उडते. आणि गंमत म्हणजे काल रात्री अकरापासून एकपर्यंत एकदाही नाही उडली. आज सकाळी पुन्हा सुरू. व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल का? स्टॅबिलायझर लावू?

वायरमन_९
शंभर टक्के व्होल्टेज. दिवसा लोड जास्त असतो. एक केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या, अर्थिंग तपासा.

पाणसळ
व्होल्टेजने वेग हलला असता, सुई कशी उडेल? आणि हा डायरेक्ट ड्राइव्ह आहे, क्वार्ट्झवर वेग धरतो. रात्री नाही आणि दिवसा हो, म्हणजे दिवसा काहीतरी हलतंय. रस्ता? रेल्वे? पंप?

धोटा
मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. एक विचारू का अण्णा? तुमच्या खोलीखाली माग आहेत का?

तबकडीवाला_सोलापूर
आहेत. आमचेच आहेत, खाली कारखाना आणि वर घर. टॉवेलचे सोळा माग. त्याचा काय संबंध?

पाणसळ
'त्याचा काय संबंध'!!

जुना_ठाणेकर
हाहाहा. सोळा माग, आणि साहेब तीन दिवस आम्हाला कडी फिरवून दाखवतायत.

तबकडीवाला_सोलापूर
जन्मल्यापासून तो खडखडाट कानात आहे, मला तो ऐकूच येत नाही. उलट बंद पडला तर झोपेतून जाग येते.

धोटा
आमच्याकडेही तेच. माग मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो) मारतो, म्हणजे सेकंदाला दोन ठोके. शिवाय सोळा माग एका तालात नसतात, कधी दोन-तीन ठोके जुळले की स्लॅबला दणका बसतो. डावं टेबल कुठल्या बाजूला? कारखान्याचा मुख्य खांब त्या कोपऱ्यात आहे का?
आणि आणखी एक. सुईच्या टोकाला भिंग लावून बघा. टॉवेलच्या सुताचे तंतू हवेत इतके असतात की एक बाजू संपेपर्यंत सुईला कापसाची दाढी येते. मग सुई खाचेतून वर उचलली जाते. मला माहीत आहे, कारण माझ्याकडे साधा प्लेयर आहे आणि मी हे सगळं भोगलंय.

तबकडीवाला_सोलापूर
खांब डावीकडेच आहे. आणि दाढी... आत्ता मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहिलं. लाज वाटली. सकाळीच पुसली होती.

पाणसळ
सुई मागून पुढेच झटकायची, आडवी नाही. मऊ ब्रश, दर बाजूला. वाजत नसेल तेव्हा झाकण लावा. आता थरथरीचं. टेबलाखाली जड काहीतरी आणि त्याखाली लवचीक काहीतरी असं हवं. दोन बाय दोनची शहाबादी फरशी वीस-बावीस किलोची होते, टर्नटेबल साडेबारा किलोचं. पस्तीस किलो चार रबरी चेंडूंवर ठेवलं की बरेचसे ठोके चेंडूतच जिरतात. नुसत्या स्पंजवर ठेवू नका, हात लावला की डुलेल.

जुना_ठाणेकर
फरशी कशाला? सोलापुरात आहात, चार चादरींच्या घड्या घाला.

धोटा
चादर दाबली जाते ठाणेकर, आठ दिवसांत फळीसारखी होते. भिंतीतल्या घोडीवर ठेवा असं लोक सांगतात, तेही इथे चालणार नाही. भिंत त्याच खांबाला धरून आहे. मी फळी छताच्या कड्यांना दोरीने टांगली होती, झोपाळ्यासारखी. ऐकायला उत्तम, पण स्क्रॅचला निरुपयोगी. हाताबरोबर झोका घेते.

लाखेची_चकती
चाबीच्या ग्रामोफोनला हा त्रास नव्हता. त्याचा साउंडबॉक्स इतका जड की शेजारी लग्नाची वरात गेली तरी सुई जागची हलत नाही.

तबकडीवाला_सोलापूर
शहाबादी मोरीचं काम झाल्यावर उरलेली होती. टेनिसचे चार चेंडू आणले. चेंडू घरंगळत होते, तर आईने जुन्या लुगड्याच्या चार चुंबळी करून दिल्या, घागरीखाली ठेवतात तशा. त्यावर चेंडू, चेंडूवर फरशी, फरशीवर टेबल. दोन्ही टेबलांची जागा अदलाबदल करून बघितली. आता जे खांबाजवळ असेल ते कधीतरी उडतं. म्हणजे मशीन ठीक आहे. मग अख्खं बस्तान उजव्या भिंतीकडे हलवलं. सकाळी नऊ ते बारा, सगळे माग चालू, तीन एलपी पूर्ण वाजल्या. एकदा उडली. ती पण मी खोकलो तेव्हा.

पाणसळ
शनिवारी चेंडू-फरशी सोबत न्या. स्टेज लाकडी असेल तर लोक नाचायला लागले की तेच होणार. सब-वूफरच्या डोक्यावर किंवा त्याच फळ्यांवर टर्नटेबल ठेवू देऊ नका, साउंडवाला तिथेच जागा दाखवेल.

तबकडीवाला_सोलापूर
फरशी जिन्यावरून उतरवणार कोण? बघतो.
बाकी, मघाशी बाबा वर आले. चुंबळी, चेंडू, फरशी सगळं वाकून बघितलं आणि म्हणाले, एवढं करण्यापेक्षा मागाच्या पायाखालीच रबर टाकायचं होतं की. शेजारीही कधीचे तक्रार करतायत म्हणे. @धोटा, तुमच्याकडे कोणी टाकलंय का? एका मागाला चार, म्हणजे चौसष्ट लागतील.

धोटा
आमच्या गल्लीत दोघांनी टाकलंय, जाड रबराचे ठोकळे. पण एकदम चौसष्ट घेऊ नका अण्णा. खांबाजवळचे चार माग आधी करून बघा. माग उचलायला चार माणसं आणि पहार लागते, आणि पुन्हा बसवताना पाणसळ लावावी लागते, नाहीतर धोटा उडतो.

जुना_ठाणेकर
आता धोटा पण उडायला लागला.