लिनियर सांभाळता येत नसेल तर लावू नये?

रावेरकर
रविवारी सकाळी हॅम रेडिओच्या 40 मीटर बँडवर, 7.080 मेगाहर्ट्झला आमच्या गप्पा चालू होत्या. 7.086 वर एक साहेब लिनियर (सिग्नलची ताकद वाढवणारा अँप्लिफायर) घेऊन उतरले आणि आमच्या कानांत खरखर सुरू. एसएसबीला (आपण बोलतो त्या पद्धतीला) तीन किलोहर्ट्झही लागत नाहीत, यांचा फराटा आठ-दहा. आपल्याकडे या बँडला जागाच 200 किलोहर्ट्झ! 100 वॅटचे 400 केले तर समोरच्याचा सिग्नलची ताकद दाखवणारा एस मीटर जेमतेम एक घर सरकतो. त्या एका घरापायी शेजाऱ्यांना छळायचं? निगा होत नसेल त्याने लिनियर विकून टाकावा.

जुनी नळी, भुसावळ
भो, पावसाळ्यात विजा कडकडत असताना ते एक घर काय मोलाचं असतं ते लांबच्याला विचार. आणि आधी स्वतःचा रिसिव्हर बघ. नॉइज ब्लँकर (खटखट कापणारी सोय) चालू असला की जवळचा तगडा सिग्नल स्वच्छ असूनही पसरट वाटतो. ब्लँकर बंद, सिग्नल वाढवणारा प्रीअँप बंद, सिग्नल घटवणारा 20 डीबी अटेन्युएटर लाव. खरखर सिग्नलच्या मापानेच उतरली तर पाप त्याचं. सिग्नल उरला आणि खरखर गायब झाली, तर तुझं.

रावेरकर
ब्लँकर चालू होता, कबूल. काल बंद करून ऐकलं, निम्मी खरखर गेली. उरलेली निम्मी कोणाची?

अमळनेरकर
ती माझी. 7.086 वाला मीच.
रात्री ट्यून केलं तेव्हा घरात 235 व्होल्ट होते. सकाळी शेतपंप सुरू झाले की 190. लिनियरच्या नळ्यांचं प्लेट व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने खाली, रेडिओकडून लिनियरला जाणारा ड्राइव्ह मात्र रात्रीचाच, मग आवाजाची टोकं चपटी होणारच. काल झाकण काढलं. फॅनच्या पात्यांवर धूळ आणि कापसाचे तंतू मिळून गोधडीच झाली होती, आणि ट्रान्सफॉर्मरमागे एक वाळलेली पाल. ब्रशने साफ केलं, ड्राइव्ह 60 वरून 35 वॅटवर आणला. पण ‘विकून टाका’ हे मान्य नाही. दोष माझा होता, लिनियरचा नव्हे.

धुळ्याचा अँटेनावाला
एवढा खटाटोप कशाला? एएलसीची (ड्राइव्ह आपोआप आवरणारी) वायर जोडा, विषय संपला.

जुनी नळी, भुसावळ
नाही संपत. एएलसी आवळेपर्यंत पहिलं अक्षर फुटून गेलेलं असतं. ती अडीअडचणीला आहे, रोज तिच्यावर रेलून बोलायला नाही. त्यात लोक आवाज दाबून भारी करणारा स्पीच प्रोसेसरही पूर्ण फिरवून ठेवतात.
अमळनेरकर, झाकण काढण्याआधी प्लग भिंतीतून उपटला होता ना? 811ए नळ्यांच्या साध्या लिनियरमध्येही दीड हजार व्होल्ट असतात. कपॅसिटर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर जळलेला असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेलेच राहतात. मीटर शून्यावर आला तरी अर्थ केलेली काठी टेकवल्याशिवाय हात घालू नका. एक हात खिशात.

अमळनेरकर
प्लग काढला होता. काठी नव्हती, आज करतो.

रावेरकर
‘विकून टाका’ मागे घेतो. पण 190 व्होल्टला लिनियर बंद ठेवायचा, हे तरी मान्य करा.

अमळनेरकर
210 च्या खाली बंद. रविवारी त्याच जागी येतो, अटेन्युएटर लावून सांगा. आठला मात्र नको, तेव्हा सगळ्या गावाच्या मोटरी चालू असतात. साडेसहाला या.