कप्पा, ओनी, कोबोल्ड : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आम्ही चार-पाच जण दर शनिवारी फासे टाकून भूमिकांचा खेळ खेळतो, सगळा मराठीतून. कथा मी लिहितो. या वेळी पात्रं जपानी आणि युरोपीय लोककथांतली घेतली आहेत. तूर्त असं ठरवलंय : योकाई म्हणजे भूत, कप्पा म्हणजे गिरा, ओनी म्हणजे राक्षस, किट्सुने म्हणजे कोल्हीण, गॉब्लिन आणि कोबोल्ड दोघांनाही पिशाच्च. चालेल का?

उत्तर : मराठीतून खेळताय हे वाचूनच बरं वाटलं. पण या यादीतले बरेच शब्द मी बदलेन.

आपली भुतांची नावं नीट बघा. सोडमुंज व्हायच्या आधी मुलगा गेला तर त्याचा मुंजा होतो. बाळंतपणात बाई गेली तर हडळ. गिरा हा बुडून मेलेल्याचा. म्हणजे कोण मेलं आणि कसं मेलं, हे आपल्याकडे नावातच सांगितलेलं असतं. म्हणून शब्द निवडण्याआधी विचारायचं, हा जीव कधी मेला होता का?

जपानीत हा भेद स्पष्ट आहे. मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा तो युरेई, त्याला खुशाल भूत म्हणा. योकाई बहुतेक वेळा मेलेलं माणूस नसतंच. यानागिता कुनिओ या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने दोघांतला फरक सांगितला आहे तो असा : युरेई माणसाच्या मागे लागतं, दुसऱ्या जातीचे जीव आपली जागा धरून असतात. आपल्याकडे या दुसऱ्या जातीतले म्हणजे चकवा, साती आसरा, कोकण-गोव्यातला देवचार. आजोळी वेंगुर्ल्याच्या बाजूला आजी आम्हाला भर बारा वाजता विहिरीवर जाऊ द्यायची नाही, म्हणायची, "आसरा न्हातात आता." तिच्या बोलण्यात भूत हा शब्द कधी आला नाही. जागा त्यांची, आपण मध्ये जायचं नाही, एवढंच. योकाई या भावनेच्या जवळचं आहे. त्याला एका शब्दाचा प्रतिशब्द मला सापडत नाही, म्हणून योकाई असंच ठेवा.

कप्पा बुडालेला माणूस नाही, नदीत राहणारी वेगळी जातच आहे, म्हणून गिरा नको. त्याच्या डोक्यावर बशीसारखा खळगा असतो, त्यात पाणी असतं आणि त्याची सगळी ताकद त्या पाण्यात. तुम्ही वाकून नमस्कार केलात की तोही उलट वाकतो, पाणी सांडतं आणि तो लुळा पडतो. काकडी त्याला फार आवडते, काकडीच्या सुशीला कप्पामाकी म्हणतात ते त्यावरूनच. खेळात ही युक्ती वापराच. अडचण मराठीची आहे. "कप्प्यातलं पाणी सांडलं" असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला कपाटच दिसणार. उच्चार कप्पा हाच बरोबर आहे, म्हणून काप्पा करू नका. परकं नाव म्हणून सामान्यरूप न करता "कप्पाने", "कप्पाच्या" असं चालवा.

किट्सुनेची अडचण वेगळी. आपला कोल्हा हा खरं तर वेगळा प्राणी. किट्सुने ज्या जातीचा, तिच्या जवळचा आपल्याकडचा प्राणी म्हणजे खोकड. पण "म्हातारं खोकड" ही शिवी ज्या भाषेत आहे तिथे नऊ शेपट्यांच्या मायावी सुंदरीला खोकड म्हणवणार नाही. इथे प्राणिशास्त्र बाजूला ठेवून कोल्हीण घ्या, तुमचा शब्द योग्य आहे.

युरोपीय जीवांपैकी कोबोल्डवर माझा जीव आहे. जर्मन लोककथांत हा घरात राहतो, नाहीतर खाणीत. खनिज चांगलं दिसायचं, पण भट्टीत घातलं की हवा तो धातू मिळायचा नाही, वर विषारी धूर निघायचा. खाणकामगार म्हणायचे, कोबोल्डने खोडी केली. १७३५ च्या सुमारास गेओर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्या खनिजातला नवा धातू ओळखला आणि त्याचं नाव पडलं कोबाल्ट. निकेलचंही तसंच, तेही खाणीतल्या एका खोडकर जीवाचं नाव. शाळेत आवर्त सारणी पाठ करताना आपण सगळ्यांनी ही दोन नावं घेतलेली आहेत! तेव्हा कोबोल्डला पिशाच्च म्हणून हे धागे तोडू नका. गॉब्लिनही तसाच ठेवा.

पुन्हा प्रश्न : पटलं. पण ओनीला राक्षस का नको? शिंगं, वाघाचं कातडं, हातात लोखंडी गदा, सगळं जुळतंय की. आणि आमच्यातला एक जण म्हणतो, कोबोल्ड कुत्रतोंड्याच असतो.

उत्तर : दिसायला जुळतंच. पण राक्षस हा शब्द जपानीत आधीच पोचलेला आहे. बौद्ध धर्माबरोबर आपले शब्द चीनमार्गे तिकडे गेले. राक्षसाचं झालं रासेत्सु, यमाचं एन्मा, असुराचं आशुरा, यक्षाचं याशा. १९९६ साली सुरू झालेल्या 'इनुयाशा' या चित्रकथेच्या नावात इनु म्हणजे कुत्रा आणि याशा म्हणजे आपला यक्ष. उद्या तुमच्या कथेत रासेत्सु आला तर त्याला काय म्हणाल? राक्षस त्याच्यासाठी राखून ठेवा, ओनीला ओनी म्हणा.

त्याच यक्षाच्या यक्षिणीची मराठीत जखीण झाली. म्हणजे याशा आणि जखीण एकाच घरचे. डाकिणीही तिकडे गेली, तिचं डाकिनीतेन झालं आणि ती पांढऱ्या कोल्ह्यावर बसते. तुमच्या किट्सुनेच्या गोष्टीत तिला डाकीण म्हणून आणा, अगदी हक्काने.

कुत्रतोंड्याचं म्हणाल तर तो खेळांतून आला, लोककथेत तसं नाही. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकांचा खेळ निघाला. १९७७ च्या त्याच्या जीवांच्या पुस्तकात ऑर्क नावाचा लढाऊ जीव डुकरतोंड्या होता आणि कोबोल्डात कुत्र्याची छटा होती. जपानी खेळांनी तीच रूपं उचलली. तुमच्या मित्राने बघितलाय तो तिथला. तुम्ही खाणीतला घ्या.

हडळ हा शब्द मात्र वाया घालवू नका. जपानीत उबुमे आहे, बाळंतपणात गेलेली बाई. अंधारात वाटसरूला थांबवते आणि हातातलं मूल "जरा धरा" म्हणून देते. आपली हडळ असं करत नाही, पण मरण तेच आहे. तिथे बेधडक हडळ लिहा.

पुन्हा प्रश्न : शेवटचं एक. ह्याक्की याग्यो? शब्दशः "शंभर ओनींची रात्रीची मिरवणूक" होतंय, पण वाचताना गणपतीच डोळ्यापुढे येतो.

उत्तर : तोरियामा सेकिएन याने १७७६ साली याच नावाखाली योकाईंची चित्रं छापली, त्यामुळे शब्दाला वजन आहे. पण आपल्याकडे अवसेच्या रात्री मशाली घेऊन भुतावळ निघते, तिला मिरवणूक कोण म्हणतं? वेताळाची पालखी लिहा. वेताळ नको असेल तर नुसतं "योकाईंची पालखी".