गरम-दमट शहरात पाळीव सरडे-माशांच्या खाद्यासाठी कोणतं झुरळ पाळावं: डुबिया की रेड रनर?

काचपेटी (धागाकर्ता)
अरोवाना (मासा), लेपर्ड गेको, बिअर्डेड ड्रॅगन (दोन्ही सरडे) पाळणाऱ्यांना सध्या सर्रास एक सल्ला दिला जातो: 'रेड रनर घ्या, भराभर वाढतात.' मुंबई-ठाणे-पनवेल पट्ट्यासाठी तो सपशेल चुकीचा आहे असं माझं मत. इथे आधी बघायचं ते झुरळ निसटल्यावर काय होईल. वाढीचा वेग नंतर.

डुबियाची मादी अंडी पोटातच उबवते आणि एका खेपेला साधारण २०-३० पिल्लं देते. रेड रनरची मादी अंड्यांची कुपी बाहेर टाकते. तपकिरी, जेमतेम सेंटिमीटरभर, आत १८च्या आसपास अंडी. ही कुपी पेटीत आडोशाला ठेवलेल्या अंड्याच्या ट्रेच्या खळग्यात अडकते, ट्रे झटकला की फरशीवर पडते, आणि महिना-दीड महिन्याने कपाटामागे फुटते. अमेरिकेत ही जात १९७८मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी डेपोत सापडली. आता तिथल्या नैर्ऋत्य भागात तिने आधीच्या ओरिएंटल झुरळाला बऱ्याच ठिकाणी हुसकावून लावलंय.

गेकोप्रेमी
असहमत. धोका सांगितलात, फायदा गाळलात. सरडे हलणारं भक्ष्य टिपतात. डुबियाचं पिल्लू भांड्यात ठेवलं की निपचित पडतं, माती मिळाली तर तिच्यात घुसतं. नाठाळ गेको त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. रेड रनर सतत पळतो, त्याचं कवच मऊ असतं आणि काचेवर डुबियासारखा तोही चढत नाही. शिवाय डुबिया पिल्लाचं प्रौढ व्हायला ३० अंश तापमानालाही ४-६ महिने लागतात. दोन-तीन सरडे असतील तर वसाहत वाढण्याआधीच संपते.

कुपीचा प्रश्न शिस्तीने सुटतो. ट्रे मोठ्या टबाच्या आतच झटकायचा. जुने ट्रे आणि लेंड्या पिशवीत बांधून ४८ तास फ्रीझरमध्ये ठेवायच्या, मगच कचऱ्यात.

काचपेटी
फ्रीझरचा मुद्दा मान्य, तो प्रत्येकाने पाळावा. पण ही शिस्त दर आठवड्याला, वर्षानुवर्षं पाळावी लागते आणि एकच कुपी चुकली तरी पुरते. डुबियात ती चूक होण्याची जागाच नाही. वसाहत संपते ती घाईमुळे. एका नरामागे ३-५ माद्या ठेवा, पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत माद्यांना हात लावू नका. निपचित पडण्यावरही उपाय आहे: गुळगुळीत स्टीलच्या वाटीत उलटं टाका, पाय झाडायला लागतं.

पालापाचोळा
दोघांशीही अंशतः असहमत. फ्लोरिडाची हवा आपल्यासारखीच गरम-दमट. तिथे डुबिया ठेवायला परवानगी नाही, लोक डिस्कॉइड ही झुरळाची दुसरी जात वापरतात. म्हणजे डुबियाला 'निर्धोक' म्हणणं घाईचं आहे. आपल्याकडेही परदेशातून जिवंत कीटक आणायला २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरखाली परवाना लागतो, हे विकत घेणारे विचारतच नाहीत.

नुसती आवड म्हणून पाळायचं असेल तर दक्षिण भारतातल्या झुडपी रानातलं डोमिनो झुरळ बघा. काळ्या पाठीवर सात पांढरे ठिपके, विषारी भुंग्याची हुबेहूब नक्कल. पेटीत ८-१० सेंमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर सुका पाला, खालचा थर ओलसर. पिल्लं मातीतच राहतात. वाढ संथ, म्हणून खाद्य म्हणून निरुपयोगी. अभयारण्यातून मात्र एकही उचलू नका.

हिसर_नाशिक
पाळीव म्हणून मादागास्करच्या हिसर झुरळाला तोड नाही. ५-७ सेंमी, पंख नाहीत, पोटावरच्या श्वासरंध्रांतून हवा सोडून फुत्कारतो, नराच्या पाठीवर पुढे दोन उंचवटे. पण तो काचेवर सहज चढतो. पेटीच्या कडेला आतून ५ सेंमी रुंद वॅसलीनचा पट्टा हवाच, आणि उन्हाळ्यात तो वितळून ओघळतो तेव्हा पुन्हा लावायला हवा. इकडे हिवाळ्यात रात्री १० अंशांपर्यंत उतरतात. त्या दिवसांत हिसर काय नि डुबिया काय, पेटीच्या एका बाजूला थर्मोस्टॅटवरचा हीट मॅट लावल्याशिवाय पिल्लं देत नाहीत.

नवखा_अरोवाना
एवढा खटाटोप कशाला? घरातली झुरळं पकडून टाकली तर?

गेकोप्रेमी
अजिबात नको. सोसायटीत कुणीतरी झुरळं मारायचं जेल लावलेलं असतंच. त्यातलं फिप्रोनिल खाल्लेलं झुरळ काही काळ चालतं-फिरतं असतं आणि वरून काही कळत नाही. फिप्रोनिल माशांना फार विषारी. इथे आम्हा सगळ्यांचं एकमत आहे.

काचपेटी
पावसाळ्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि कोकणपट्टीत झुरळांच्या वसाहती बहुतेक तेव्हाच कोसळतात. हवेत ओल असते, वर कोंबडीखाद्याची भुकटी वाटीत पडून राहते. चार दिवसांत वाटीच्या कडेला पांढरट धूळ दिसते. बोटाने रेघ ओढून दहा मिनिटांनी बघा. रेघ बुजत आली असेल तर ती धूळ नव्हे, माइट्स (अतिसूक्ष्म किडे) आहेत. कोरडं खाद्य दोन दिवसांत संपेल इतकंच द्या, गाजर-भोपळा वेगळ्या वाटीत ठेवून २४ तासांत काढा, झाकणाचा निम्मा भाग कापून तिथे स्टीलची बारीक जाळी लावा. प्लास्टिकची जाळी कुरतडतात. पाण्याची उघडी वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात.

झुरळांच्या खाद्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या वर नकोत. जादा नायट्रोजन झुरळं युरिक आम्लाच्या रूपात अंगात साठवतात आणि ते सरड्याच्या पोटात जातं. सरड्याला खायला घालण्याआधी २४ तास झुरळांना हिरवा पाला द्या. झुरळात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस बराच जास्त, म्हणून सरड्यांसाठी वरून कॅल्शियमची पूड हवीच.

पालापाचोळा
हे सगळं +१. एक भर: घरात कुणाला दमा असेल तर यातली कुठलीच जात नको. वाळलेल्या लेंड्या आणि कातीची धूळ त्रास वाढवते. पेटी साफ करताना मास्क लावा, आणि ती झोपण्याच्या खोलीत ठेवू नका.